आईचं मनगट, दोन विमा कंपन्या आणि लोकअदालतीतली ऑफर

मंजिरी_लालबाग

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

आई अपघाताच्या वेळी ४८ वर्षांची होती. आम्ही लालबागला चाळीत राहतो. बाबा गेल्यापासून अकरा वर्षं आई पोळीभाजीचे डबे करते. पहाटे साडेचारला कणीक भिजवायची, साडेनवाच्या आत डबे बाहेर. बत्तीस डबे आणि वर सुट्या पोळ्या, मिळून रोजच्या दीडशेच्या वर पोळ्या ती एकटी लाटायची.

ऑगस्ट २०२४ मध्ये मशीद बंदरहून सामान घेऊन ती काळ्यापिवळ्या टॅक्सीने घरी येत होती. भायखळ्याच्या पुढे टॅक्सी वळण घेत असताना समोरून आलेला टेम्पो थेट मागच्या दारावर आदळला. आई त्याच बाजूला बसली होती. उजव्या मनगटाचं हाड सांध्यातच फुटलं. प्लेट आणि सहा स्क्रू बसवले. तीन महिने डबे पूर्ण बंद. त्यानंतर पोळ्या लाटायला एक ताई ठेवल्या, त्यांना महिना नऊ हजार. डबे आता चौदा उरलेत.

जानेवारी २०२५ मध्ये फोर्टातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज टाकला. टॅक्सीचालक (टॅक्सी त्याचीच), टेम्पोचा ड्रायव्हर, टेम्पोमालक आणि दोन्ही गाड्यांच्या विमा कंपन्या, सगळ्यांना प्रतिवादी केलं. पोलिसांनी आरोपपत्र फक्त टेम्पोच्या ड्रायव्हरवर ठेवलंय. टॅक्सीची कंपनी म्हणते चूक टेम्पोची. टेम्पोची कंपनी म्हणते टॅक्सी समोर न बघताच वळली. वर्ष उलटलं तरी तेच चालू आहे.

आता लोकअदालतीच्या आधी दोघांनी मिळून सव्वाचार लाखांची ऑफर दिली आहे. अपंगत्वाचा दाखला २२ टक्क्यांचा आहे. भावाच्या ऑफिसच्या मेडिक्लेममधून ऑपरेशनचे जे पैसे मिळाले तेही त्यांनी वजा धरलेत. उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून महिना दहा हजार धरतो म्हणाले. भाऊ म्हणतो घेऊन टाकू. आई काल म्हणाली, "बावीस टक्के म्हणजे काय गं? माझं मनगट तर अख्खंच वळत नाही." मला तिला उत्तर देता आलं नाही. घ्यावेत का पैसे?

निशिकांत_बोरिवली

ताई, मी तुमच्या भावाच्या बाजूने आहे. माझ्या वडिलांचा दावा सात वर्षं चालला. तारखेला जायचं, समोरचा वकील नाही, पुढची तारीख घ्यायची. निकाल लागला तेव्हा वडील अंथरुणाला खिळलेले होते. मिळालेल्या पैशांचा त्यांना काहीच उपयोग झाला नाही. हातात येतंय ते घ्या आणि आईला या फेऱ्यांतून मोकळं करा.

ॲड_वैशाली

मंजिरी, मी याच प्रकारचे दावे चालवते. तुमचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे अंतिम निर्णय तुमच्या वकिलांशी बोलूनच घ्या. पण आईच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते सुप्रीम कोर्टाने दिलेलं आहे.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात कोर्टाने स्पष्ट केलं की डॉक्टरने दिलेला शारीरिक अपंगत्वाचा टक्का आणि कमाईच्या क्षमतेत झालेली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात उदाहरण डाव्या हाताचं आहे. हात कापला गेला तर दाखल्यावर साठएक टक्के येतील. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के बुडाली. तोच सरकारी नोकरीत कारकून असेल तर नोकरी शाबूत राहू शकते. म्हणून न्यायाधिकरणाने आधी बघायचं की माणूस काय काम करत होता, मग त्यातलं काय त्याला आता जमतं आणि काय जमत नाही. तुमच्या आईच्या दाखल्यावरचे २२ टक्के हाडाचे आहेत. पोळ्या लाटण्याचे किती, हे अजून कुणी मोजलेलंच नाही. ते सिद्ध करायची वेळ साक्षीपुराव्यात येते, आणि ऑफर त्याच्या आधी आली आहे.

आकड्यांत सांगते. समजा उत्पन्न महिना १५,००० मान्य झालं. स्वतःचा धंदा आणि वय ४० ते ५० असेल तर भविष्यातल्या वाढीसाठी २५ टक्के धरतात. ते सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालातलं प्रमाण. ती वाढ मृत्यूच्या दाव्याप्रमाणे जखमींच्या दाव्यातही धरायची, हे २०२० मध्ये पप्पू देव यादव निकालात आलं. म्हणजे १८,७५०. वर्षाचे २,२५,०००. सरला वर्मा निकालातल्या तक्त्यात ४६ ते ५० वयाला गुणक १३, म्हणजे वर्षाच्या आकड्याला १३ ने गुणायचं. कमाईतली घट २२ टक्के धरली तर ६,४३,५०० येतात. ४० टक्के धरली तर ११,७०,०००. उपचार, वेदना, त्या काळात पूर्ण बुडालेलं उत्पन्न, गाडीभाडं, पुढचं ऑपरेशन हे सगळं यात अजून धरलेलं नाही.

दुसरं, दोन कंपन्यांच्या भांडणात तुम्ही पडू नका. आई प्रवासी होती, तिची काडीचीही चूक नाही. दोन गाड्यांच्या संयुक्त निष्काळजीपणातून तिसऱ्याला इजा झाली तर तो संपूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाही एकाकडून वसूल करू शकतो, हे २०१५ च्या खेन्येई निकालात आहे. तुमच्याकडे दोघंही प्रतिवादी आहेत, त्यामुळे कुणाचे किती टक्के ते न्यायाधिकरण ठरवेल आणि ते आपसात बघून घेतील. आरोपपत्र एकावरच आहे म्हणून दुसरी कंपनी सुटत नाही. न्यायाधिकरणात फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, कशाची शक्यता अधिक एवढं दाखवावं लागतं.

तिसरं मेडिक्लेमचं. ती वजावट खोडून काढा. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २८ मार्च २०२५ ला निकाल दिलाय की मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम वैद्यकीय खर्चाच्या भरपाईतून कापता येत नाही. तो विम्याचा करार वेगळा, त्याचा हप्ता भरलेला आहे. त्याचा फायदा अपघात करणाऱ्याला का मिळावा?

टीपी_काका

मी विमा कंपनीच्या थर्ड पार्टी विभागात, म्हणजे गाडीमुळे इतरांना झालेल्या इजेचे दावे बघतात तिथे, एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. वैशालीताईंनी कायदा सांगितला, मी टेबलाच्या पलीकडचं सांगतो.

दावा आला की कंपनी फाइलवर एक तरतूद टाकते, म्हणजे या केसमध्ये साधारण इतके जातील असा अंदाज. मग पॅनेलवरचा वकील, मग इन्व्हेस्टिगेटर. तुमच्याकडे कुणीतरी येऊन "आई काय करते, किती डबे जातात" असं गोड बोलून विचारून गेलं असेल. तो माणूस वाईट नसतो, त्याला रिपोर्ट द्यायचा असतो. पण आई पोळपाटापाशी बसलेली दिसली तर रिपोर्टात "काम सुरू आहे" एवढंच येतं. बाजूला लाटणं दुसरीच्या हातात आहे, ते येत नाही.

ऑफर डॉक्टरच्या साक्षीच्या आधीच का येते? डॉक्टरची साक्ष झाली की आकडा वर जातो, हे आम्हाला माहीत असतं. त्यात बेकायदा काही नाही, व्यवहार आहे तो. पण तुम्हीही व्यवहार म्हणूनच बघा. शिवाय लोकअदालतीतली रक्कम व्याजासकट, सगळं मिळून असते. न्यायाधिकरणात दावा दाखल केल्या तारखेपासून व्याज मिळतं, बहुतेक वेळा सात ते नऊ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा तुलना करताना ते धरा.

आणि एक फार महत्त्वाचं. लोकअदालतीत सही केली की ती शेवटची. त्यावर अपील नाही. पुढे प्लेट काढावी लागली तर तो खर्च तुमचा. डॉक्टरांकडून आत्ताच लेखी घ्या की पुढे काय करावं लागेल आणि साधारण किती खर्च येईल.

उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणता, ते मला पटत नाही. अकरा वर्षं धंदा केलेल्या घरात पुरावा असतोच, फक्त तो पुरावा आहे हे घरच्यांना माहीत नसतं. नीट शोधा.

मंजिरी_लालबाग

काका, तुमचं वाचून काल रात्री माळ्यावरची पेटी काढली.

आई दरवर्षीची दिनदर्शिका जपून ठेवते. मला वाटायचं तिथी-वार बघायला. प्रत्येक तारखेच्या चौकोनात मागच्या बाजूला पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलंय: "३२", "३१, कदम नाही", "३३ + ४० पो." संकष्टीला उपासाचे किती, तेही वेगळं. महिन्याच्या शेवटी बेरीज आणि कुणाचे पैसे बाकी. २०१६ पासूनच्या सगळ्या आहेत. १४ ऑगस्ट २०२४ पर्यंत चौकोन भरलेले, त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत कोरे. नोव्हेंबरात पुन्हा आकडे सुरू होतात, ९, ११, १२, आणि अक्षर वाकडं आहे, कारण ती डाव्या हाताने लिहायला लागली.

ते कोरे चौकोन बघून मी माळ्यावरच बसून राहिले बराच वेळ.

फोनवरून पैसे घ्यायला लागलो २०२१ पासून, त्याचा बँकेचा उतारा निघेल. पीठवाल्याची वही आहे, महिन्याला किती किलो गहू दळला ते त्याच्याकडे लिहिलेलं आहे. दोन गिऱ्हाईकं साक्षीला यायला तयार आहेत, एक तर बँकेत ऑफिसर आहेत.

टीपी_काका

झालं तुमचं काम. मूळ दिनदर्शिका कोर्टात दाखवायला जपून ठेवा, फायलीला फोटोप्रती लावा. एकही आकडा आता नव्याने गिरवू नका, पुसट असला तरी राहू दे. पीठवाल्याला वही घेऊन साक्षीला बोलवा. गव्हाचे किलो आणि डब्यांचे आकडे जुळले की उलटतपासणीत तिथे फार काही करता येत नाही.

त्या ताईंना नऊ हजार देता ना? रोख देत असाल तर या महिन्यापासून खात्यात टाका आणि त्यांचं प्रतिज्ञापत्र घ्या. समोरचा वकील विचारणारच, "धंदा चालूच आहे ना?" आईने शांतपणे सांगायचं, चालू आहे, पण जे काम मी करत होते त्याचे आता महिना नऊ हजार मोजते आणि अर्ध्याहून जास्त डबे गेले. दुसरं काही बोलायची गरज नाही.

केतकी_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मनगटाचे बरेच पेशंट बघते. पोळी लाटणं म्हणजे नेमकं काय, हे कोर्टात कुणी सांगतच नाही, म्हणून लिहिते.

लाटण्यावर जोर देताना मनगट मागे वाकलेलं असतं आणि त्याच स्थितीत खांद्याकडून आलेला भार त्यातून जातो. पोळी फिरवायला बोटांनी हलका झटका लागतो. उलथताना तळवा वर येतो, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतची दोन हाडं एकमेकांभोवती फिरतात. कणीक मळताना तर मूठ, मनगट, कोपर सगळंच. सांध्यात गेलेल्या फ्रॅक्चरमध्ये मागे वाकणं आणि हे फिरणं, दोन्ही अडकतं. साधं घरकाम करताना ते जाणवणारही नाही. शंभराव्या पोळीला जाणवतं.

तेव्हा दाखल्यातल्या टक्क्यावर थांबू नका. मनगट किती अंशात वाकतं ते गोनिओमीटरने आणि पकड किती किलोची ते डायनॅमोमीटरने, दोन्ही हातांची मोजणी करून रिपोर्ट घ्या. ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं त्यांना साक्षीत एकच प्रश्न नीट विचारायला हवा: या मनगटाने रोज दीडशे पोळ्या लाटता येतील का?

भांडुपचा_सचिन

मध्येच विचारतोय, माफ करा. माझ्या भावाला चार महिन्यांपूर्वी एलबीएस रोडवर कार उडवून गेली, पाय मोडला. गाडीचा नंबरच मिळाला नाही. मग दावा कुणावर करायचा?

ॲड_वैशाली

सचिन, विचारलंत ते बरं केलंत, कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. गाडी सापडलीच नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली धडक देऊन पळून गेलेल्या वाहनाच्या योजनेतून गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात. १ एप्रिल २०२२ पासून हे दर आहेत. अर्ज महसूल खात्यातल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा. पण तेवढ्यावर थांबू नका. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन आसपासच्या दुकानांचं, सोसायट्यांचं सीसीटीव्ही बघितलं का ते विचारा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. नंबर मिळाला तर मालक आणि विमा कंपनीवर पूर्ण दावा करता येतो. तो दावा अपघातापासून सहा महिन्यांत टाकायचा असतो, ही मुदतही त्याच १ एप्रिल २०२२ पासून परत आली. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. दोन महिने उरलेत, उद्याच वकील गाठा. पैशांची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरणात जा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर वकील मोफत मिळतो. आणि महिला अर्जदार असेल तर उत्पन्न बघतच नाहीत.

निशिकांत_बोरिवली

मंजिरीताई, माझा सल्ला मी मागे घेत नाही, पण थोडा बदलतो. आमच्याकडे वडिलांच्या दुकानाचा एक कागद नव्हता, म्हणून आम्ही सात वर्षं नुसते थांबलो होतो. तुमच्याकडे दाखवण्यासारखं आहे. फक्त आईला विचारा, साक्षीला उभं राहायची तिची तयारी आहे का. माझ्या वडिलांना उलटतपासणीत "तुम्ही आधीपासूनच लंगडत होतात ना?" असं विचारलं होतं. ते घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत.

मंजिरी_लालबाग

निशिकांतदादा, तुमचं वाक्य आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "विचारू देत. मी खोटं बोलत नाही तर मला कसली भीती?" ऑफर नाकारली. भाऊ नाराज आहे, पण कागद गोळा करायला तोच पुढे.

मंजिरी_लालबाग

पाच महिन्यांनी येतेय. ज्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं त्या सगळ्यांना इथेच सांगते.

आईची साक्ष झाली. टेम्पोच्या कंपनीच्या वकिलांनी काकांनी सांगितलेला प्रश्न अगदी त्याच शब्दांत विचारला. आईने दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि गप्प बसली. पुढे त्यांनी विचारलं, "आकडे तुम्हीच लिहिलेत, नंतरही लिहिता आले असते." तिने २०१९ ची दिनदर्शिका उघडायला सांगितली. एका पानावर भाजीच्या रश्शाचा डाग होता आणि त्याखाली पेन्सिलचे आकडे. न्यायाधीशांनी ते पान स्वतः हातात घेऊन पाहिलं, उजेडाकडे धरलं आणि परत दिलं. बोलले काहीच नाहीत. पीठवाले काका वही घेऊन आले होते, दुकान अर्धा दिवस बंद ठेवून.

डॉक्टरांना दोनदा तारीख पुढे घ्यावी लागली, ऑपरेशनं होती. तिसऱ्या वेळी आले. केतकीताईंचा प्रश्न आमच्या वकिलांनी विचारला. डॉक्टर म्हणाले, व्यवसाय म्हणून रोज तेवढं लाटणं शक्य नाही. स्क्रूचं टोक अंगठ्याकडे जाणाऱ्या दोरीला घासतंय, प्लेट काढावी लागेल, पण काढल्यावरही वाकणं पूर्ण येणार नाही. मोजणीत उजव्या हाताची पकड नऊ किलो आली, डाव्या हाताची तेवीस.

त्यानंतर महिन्याभरातच टॅक्सीच्या कंपनीचा फोन आला आणि मागोमाग दुसरीचा. पुढच्या लोकअदालतीत ९ लाख ७५ हजारांवर तडजोड झाली. टेम्पोची कंपनी सत्तर टक्के, टॅक्सीची तीस. मेडिक्लेम कापलं नाही. प्लेट काढायचा खर्च वेगळा लिहून घेतला. वैशालीताई, तुमच्या ११ लाख ७० पेक्षा कमी आहे हे मला कळतंय. निकालापर्यंत गेलो असतो तर कदाचित जास्त मिळाले असते. वरच्या कोर्टात अपील झालं असतं तर अजून काही वर्षं गेली असती, हेही खरं. निर्णय आईने घेतला, आमच्यापैकी कुणी नाही.

ॲड_वैशाली

मंजिरी, डॉक्टरची साक्ष झाल्यावर केलेली तडजोड आहे ही, आधीची नव्हे. योग्य केलंत. ठरलेल्या मुदतीत पैसे जमा झाले नाहीत तर लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच अमलात आणता येतो, एवढं लक्षात असू द्या.

मंजिरी_लालबाग

जमा झाले, दोन्हीकडचे. सहा लाखांची मुदत ठेव आईच्याच नावावर केली.

सचिन, तुमच्या भावाचं काय झालं ते नक्की कळवा.

प्लेट काढायची तारीख मिळाली आहे, पुढच्या गुरुवारची. डबे आठवडाभर बंद राहतील अशी पाटी आईने काल दारावर लावली. दिनदर्शिकेतले ते सात चौकोनही तिने आधीच पेन्सिलने आखून ठेवलेत, आणि त्याच्या पुढच्या चौकोनात लिहिलंय "१४".

भांडुपचा_सचिन

ताई, गाडी सापडली. पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात नंबर होता. मुदतीला नऊ दिवस बाकी असताना दावा टाकला. भाऊ फॅब्रिकेशनच्या कारखान्यात वेल्डर आहे, दिवसभर उभं राहायचं काम. पगाराच्या पावत्या नाहीत, पण हजेरीचं कार्ड आहे. काका, ते चालेल का?

टीपी_काका

चालेल. मालकाला साक्षीला बोलवा, आणि कार्डाच्या मागची बाजूही बघा. ओव्हरटाइम बहुतेक तिथेच लिहिलेला असतो.